तिकटीवरली हाक

गोजरबाईचा जलमापासून कुनावर इस्वास न्हाई. एस्टीत कंडाक्टरनं तिकीट दिलं की ती शेजारच्याला इचारनार, "बग रं, पाथर्डीचंच हाय का?" दवाखान्यातल्या बाईनं तापाच्या गोळ्या दिल्या, तर हिनं अगुदर अर्धी गोळी कोंबडीला चारली. कोंबडी सांजपस्तोर टुकटुकीत ऱ्हायली, तवा कुठं हिनं घेतली. नवरा म्हनायचा, "मी मेलो तर ही सरनावर चढून बगंल, सोंग तर न्हाई ना म्हनून." तो मेला तवा तिनं खरंच त्याच्या नाकाम्होरं सूत धरलं हुतं. सगळं गाव बगत हुतं. तिला काय लाज वाटली न्हाई.

असली ही बाई, पन एका गोष्टीत आंधळी. नातवाचं तोंड.

लेक अंगद आन सून निकिता दिवाळी झाली की ऊसतोडीला जात्यात, पार कोल्हापूरच्या अंगाला. औंदा संगं तान्हं लेकरू, आदिनाथ. गोजरबाई म्हनली, "आदीला ठिवा मपल्यापाशी." निकिता म्हनली, "आत्या, अंगावर पितंय अजून, कसं ठिवू?" ते बी खरं. मंग अंगदनं आईला मोठा मोबाईल घेऊन दिला. फडात दुपारची भाकरी खायाला टोळी बसली की निकिता फोन लावनार आन लेकरू दावनार. मुकादमानं हाळी दिली की फोन बंद. दिसभरात तेवढंच.

आन नेमकी तीच येळ शेरडं पान्यावर न्यायाची. वस्ती रस्त्याच्या ह्या अंगाला, जनावरं पित्यात तो पान्याचा हाळ त्या अंगाला. मधी आमचा फाटा. पाथर्डीचा नवा रुंद रस्ता आन त्याला येऊन मिळनारी गावाची वाट. तान्हेली शेरडं कुनाच्या बापासाठी थांबत न्हाईत. ती म्होरं, त्यांच्यामागं ही. फोन नाकाला लावलेला. "आदी, ए बाळा, दात दाव की आजीला!" डाव्या अंगानं उसाचा ट्रॅक्टर येतोय का उजव्या अंगानं ट्रक, हिला पत्ता नसायचा. जी बाई गोळी कोंबडीला चारून बगती, ती ट्रकाम्होरं अशी चालायची जशी काय ड्रायव्हर तिचा भाऊ हाय.

फाट्यावर कल्यानचं च्याचं हाटेल हाय, आमी तिथंच बसलेलो असतो. तो वरडायचा, "गोजरमावशे, मरशील!"

"तुज्या च्यानं मेले न्हाई, टरकानं काय मरती!"

मंग एक दिस टेम्पोनं तिच्या शेरडांतली एक पाठ, म्हंजी तरनी शेळी, उडिवली. चांगली गाभन ऱ्हायच्या वयाची पाठ. गोजरबाई तिच्यामागं हातभर अंतरावर हुती.

त्याच सुमाराला नगरच्या कुठल्याशा कॉलेजातली पोरंपोरी फाट्यावर आली. त्यांनी खांबावर एक डबी ठोकली, रस्त्यावर पांढरं पट्टं वढलं, आन ज्याच्या-त्याच्या फोनात एक ॲप घालाया लागली. फोन बगत पट्ट्यावर पाय ठिवला की पडदा लालभडक हुनार आन बाईचा आवाज येनार, 'थांबा!' हल्ली पोरं रील बगत चालत्यात, बाप्ये कांद्याचा बाजारभाव बगत चालत्यात, त्यांच्यासाठी हा उपाव. त्यांच्यातली अश्विनी नावाची पोरगी गोजरबाईपाशी आली. गोड पोरगी. पन गोड बोललं की गोजरबाईला लगीच कपटाचा वास येतो.

"ह्या फोनात कोन बसनार हाय?"

"कुणी नाही, मावशी. नुसता आवाज भरून ठेवलाय."

"कुनाचा?"

"एका मुलीचा. इंटरनेटवरून घेतलाय."

"कुन्या गावची हाय ती?"

अश्विनी हसली. "ते मला कसं माहीत असणार?"

गोजरबाईनं फोन पदराखाली घातला. "जिच्या गावाचा पत्ता न्हाई ती बाई मला थांबवनार! जा बाई, उन्हात फिरू नको."

पन कल्याननं पाठीची बातमी अंगदला कळिवली हुती. दुपारच्याला लेकराच्या जागी अंगदचं तोंड दिसलं. "आये, ते ॲप घालून घे. न्हाईतर निकिताला सांगतो, फोन लावू नको म्हनून."

"लेकराचं तोंड तोडतो व्हय रं माज्यापसून?"

"तोडतो. मला आई जिती पायजे."

घातलं मंग ॲप. काय करनार?

पह्यल्याच दिशी शेरडं म्होरं गेली, हिचा पाय पट्ट्यावर पडला आन आदीचं हासतं तोंड लाल रंगात बुडालं. एक बाई वरडली, 'थांबा!'

गोजरबाई थांबली न्हाई. पळाली. पायात वारं भरल्यावानी पळाली, मागं-म्होरं न बगता. एक ट्रक कचकचून बिरेक दाबत तिच्या पदराजवळ थांबला. ड्रायव्हरनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. कल्यान झारा हातात घेऊन भाईर आला.

"आगं, ती थांब म्हनली! तू पळतीस का?"

ती तशीच शेरडांमागं गेली. तोंड राखंवानी झालतं. दुसऱ्या दिशी बी तेच, तिसऱ्या दिशी बी तेच. आन ती एकलीच न्हाई, आमच्या गावातल्या ज्या-ज्या म्हाताऱ्यांच्या फोनात ते ॲप हुतं, त्या समद्या 'थांबा' म्हनलं की पदर खवून पळायच्या. अश्विनी आली, इचारून-इचारून दमली. "मावशी, थांबा म्हणजे थांबा. यात अवघड काय आहे?" कुनी तिला सांगितलं न्हाई. सांगायची चीज न्हाई ती.

तिकटी हाय ना तो फाटा. तीन वाटा मिळत्यात तिथं आमच्याकडं आवसं-पुनवंला उतारा टाकत्यात. लिंबू, भाकरीचा तुकडा, हाळद-कुक्कू. त्या जागंवर मागून हाक आली तर वो द्यायची न्हाई, पाय थांबवायचा न्हाई, मान वळवायची न्हाई. झपाझपा तिकटी वलांडायची. जितं मानूस तीनदा हाक मारतं. मेलेलं एकदाच मारतं, आन थांबलेल्याला संगं नेतं. आमी बी त्याच शिकवनीत वाढलो. दिसाउजेडी हासतो, पन तिकटीवर एक हाक आली तर मपला बी पाय उचलतो.

ह्या ॲपची बाई एकदाच हाक मारायची. वर तिचा ठावठिकाना बी कुनाला म्हाईत न्हाई.

कल्याननं ट्रकाचं बी अंगदला सांगितलं. अंगद लई तापला. "आये, उंद्या कल्यानआबा बगनार हाय. उंद्या तू पळालीस तर परवापसून फोन बंद. आता थेट गुडीपाडव्यालाच आदीचं तोंड बगशील."

गोजरबाईनं जेवन केलं न्हाई म्हनत्यात.

सकाळी शेरडं दाव्याला बांधलेली ठिवून ती एकलीच फाट्यावर आली. फोन उघडून तोंडाम्होरं धरला. रस्ता मोकळा बगून एक पाय पट्ट्यावर ठिवला. 'थांबा!' टुनकन मागं उडी. थुकली. पुन्ना पाय ठिवला. 'थांबा!' पुन्ना मागं. हाटेलातली मानसं च्या सोडून बगाया लागली.

"मावशे, लंगडी खेळती का काय?" कल्याननं इचारलं.

"गप मुडद्या. ऐकू दे."

तिसऱ्यांदा पाय ठिवला. 'थांबा!'

गोजरबाईनं सोडलेला श्वास आमाला हाटेलात ऐकू आला. "तीन झाल्या," ती म्हनली. "जिती हाय."

"सुटलीस मंग!" कल्यान म्हनला. "आता ती म्हनंल तवा थांबायचं."

पन जरा वखत गेला आन गोजरबाईच्या कपाळाला आठी पडली. "जिती हाय तर तिला कसं कळतं, मी पाय ठिवला म्हनून?"

"डबीला कळतं. त्या खांबावरल्या."

"म्हंजी ती तिथनं बगती."

"बगत न्हाई गं, ते यंतर..."

"बगितल्याबिगर कळतं व्हय? मी पाय ठिवला ते तिला दिसतं, मंग मपल्या फोनातलं लेकरू दिसत नसंल?" तिचा आवाज चढला. "म्हनून लेकरू लाल हुतं! रोज दुपारी मपल्या नातवाला टपून बगती ती अवदसा! भूत बरं, कल्यान. भूत एकदाच हाक मारतं. जित्या मानसाची नजर लई वंगाळ."

कल्याननं आमच्याकडं बगितलं, आमी कपातल्या च्याकडं.

दुपारी शेरडं सुटली. फोन वाजला. आदी दिसला, आजी बोलली, शेरडं पळाली. कल्यान दारात हुबा. गोजरबाई पट्ट्यापस्तोर आली आन तिनं झटकन फोन पालथा करून छातीला दाबला, वरून पदर घट्ट लपेटला. "डोळे झाक रं बाळा, ती बगतीय." पडदा झाकला तशी ॲपला वाटलं फोन बंद हाय. हाक आलीच न्हाई.

मंग ती त्या बाईला हुडकाया लागली. खांबाकडं बगितलं. डाव्या अंगाला लांबवर बगितलं. उजव्या अंगाला बगितलं, डोळ्यावर हात धरून. तिकडनं उसानं भरलेला ट्रॅक्टर येत हुता, दोन ट्रेलरचा. तो जाईस्तोर ती जागची हालली न्हाई. कुन्या ट्रेलरमागं ती दडली असंल, सांगता येत न्हाई. पुन्ना दोन्ही अंगाला बगितलं आन मंग वलांडली.

त्या अंगाला गेल्यावर पदरातनं फोन भाईर काढला, आवाज मोठ्ठा ठिवलेला.

"आत्या, अंधार कशानं झालता?" निकितानं इचारलं.

"मधी एक बाई हाय. तिला न्हाई दावायचं लेकरू."

"कोन बाई?" अंगदचं तोंड मधी घुसलं. "आये, पळालीस का तू?"

कल्यान ह्या अंगानं बोंबलला, "न्हाई पळाली रं अंगद्या! हुबी ऱ्हायली! दोन्हीकडं बगून गेली!"

मुकादमाची हाळी आली, ती आमाला बी ऐकू आली. "बरं," अंगद म्हनला, "उंद्या लावतो."

फोन बंद झाला. गोजरबाईनं खांबावरल्या डबीकडं तोंड करून दोन अस्सल शिव्या हासडल्या, आन शेरडांच्या मागं हाळाकडं गेली.