बळीरामच्या फॉर्मवरचं माझं नाव

हे मी तोंडानं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. एकदा कागदावर लिहिलं, तेवढंच. बायकोला मी सगळं सांगतो, दातदुखीपासून शाळेतल्या भानगडींपर्यंत — पण ही एक गोष्ट सहा वर्षं तिच्यापासूनही लपवली. मध्येच इकडचं तिकडचं बोलायला लागलो तर समजून घ्या. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो.

आधी बळीरामचं सांगतो. तो सेनगावकडच्या साखऱ्याचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. मी औंढ्याजवळच्या तांड्यावरचा. फौजेत दोघंही ड्रायव्हर, सतरा वर्षं एकाच पलटणीत. तिथं प्रत्येकाला एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. जेवण त्याच्याबरोबर, पहारा त्याच्याबरोबर, आपलं काही बरंवाईट झालं तर घरी पेटी पोचवणारा तोच. माझा बडी बळीराम. माणूस गरीब स्वभावाचा, पण गाडीच्या बाबतीत भारी हट्टी. कुणी गिअर करकरवला की याचं तोंड वाकडं झालंच.

निवृत्त होऊन गावी आलो. महिनाभर हारतुरे झाले, मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि आम्ही रिकामे. नांदेडला फौजींना नोकऱ्या मिळवून देणारी एक एजन्सी होती, मोबाईलच्या दुकानाच्या वर. तिथल्या मॅडमनी आमचे बायोडाटे बनवले. बर्फात चाकांना साखळ्या चढवण्यापासून साहेबांच्या जिप्सी गाड्या धुण्यापर्यंत जे काही केलं होतं, त्याचं त्यांनी एका ओळीत 'वाहतूक व्यवस्थापनाचा अनुभव' करून टाकलं. खाली रस्त्यावर येऊन आम्ही पोटभर हसलो.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता — तुमची खात्री देईल अशा माणसाचं नाव आणि फोन. मॅडम म्हणाल्या, एखाद्या अधिकाऱ्याचं नाव टाका. बळीराम म्हणाला, "साहेब लोक दोन सालात बदलून जातेत मॅडम. मला याच्याइतकं कोन वळखते?" त्यानं माझं नाव लिहिलं, मी त्याचं. एकाच नोकरीच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांची नावं देऊ नयेत — हे आम्हाला कुठून सुचणार? फौजेत तर बडीशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव मनातही आलं नसतं.

चार दिवसांनी मी विहिरीवर मोटारीचा फ्यूज बदलत होतो आणि मॅडमचा फोन आला. हिंगोलीजवळच्या एका शाळेला बसगाड्यांसाठी इनचार्ज हवा होता. जागा एकच. "तुमच्याबद्दल बळीरामजींना आत्ताच विचारलं, फार चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याबद्दल विचारलं. वागणूक? चांगली. दारू? नाही. गाडी चालवताना कधी अपघात?

नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "हो मॅडम. एकदा भरलेला ट्रक उलटवला होता त्यानं. शिक्षापण झाली होती."

तो ट्रक मी चालवत होतो.

भर दुपारी, डोंगरातल्या रस्त्यावर, रेशनचा ट्रक. मला डुलकी लागली. ट्रक नालीत जाऊन आडवा झाला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझं बढतीच्या यादीत नाव होतं. शेजारी बसलेला बळीराम अंगावरचं पीठ झटकत म्हणाला, "मीच चालवत व्हतो म्हन. माझं कुठं यादीत नाव हाय?" आणि मी — मी साहेबांना तसंच सांगितलं. चौदा दिवस तो कोठडीत होता. पुढे मी हवालदार झालो, तो नाईकच राहिला. एवढं कमी पडलं म्हणून की काय, तोच ट्रक मी दुसऱ्यांदा त्याच्या अंगावर घातला.

नोकरी मला लागली. तो पुण्याला गेला आणि सहा वर्षं एका सोसायटीच्या गेटवर उभा राहिला, दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडत. लेकरं साखऱ्यात, हा तिकडे. सुट्टीत आला की मला भेटायला यायचाच. म्हणायचा, "बरं झालं बाबा, आपल्यातल्या एकाला तरी घराजवळ मिळालं." मी त्याच्या कपात आणखी चहा ओतायचो. लाज वाटायची, पण त्या लाजेचा त्याला काय उपयोग?

यंदा पुन्हा त्याच मॅडमचा फोन आला. हिंगोलीतल्या एका दवाखान्याला ॲम्ब्युलन्सच्या नव्या चालकांना शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. बळीरामनं अर्ज केला होता. त्या रकान्यात पुन्हा माझंच नाव.

मी म्हणालो, लेखी देतो. त्या संध्याकाळी सगळं लिहून काढलं. ट्रक कोणाच्या हातात होता, शिक्षा कोणी भोगली, आणि सहा वर्षांपूर्वी फोनवर मी काय सांगितलं. पाठवण्याआधी कागद घेऊन साखऱ्याला गेलो. बळीराम सुट्टीवर आला होता, अंगणात तुरी पाखडत होता. त्यानं कागद दोनदा वाचला. "त्या फोनचं मला ठाव नव्हतं," एवढंच म्हणाला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी उठलो. त्याचं पाखडणं चालूच होतं.

तीन आठवड्यांनी मॅडमनी कळवलं. कागद बळीरामनं स्वतः नेऊन दिला होता. फॉर्मवरचं माझं नाव खोडलं नव्हतं. नोकरी त्याला मिळाली. माझ्या फाईलवर काय लिहायचं ते लिहा, मी म्हणालो. शाळेलाही तसाच कागद दिला आहे, त्यांचं ठरायचं आहे. घरी आज सांगणार आहे.

त्याचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही.

काल शाळेच्या फाटकाशी उभा होतो. समोरून नवी ॲम्ब्युलन्स आली. शेजारच्या सीटवर एक शिकाऊ चालक, आणि स्टिअरिंगवर बळीराम. इस्त्रीचा गणवेश, ताठ मान, नजर रस्त्यावर. गतिरोधकापाशी त्यानं वेग कमी केला, गिअर बदलला आणि पुढे निघून गेला. एवढ्या जवळून गेला, पण गिअरचा आवाजसुद्धा आला नाही.