दुष्काळातली पाकट

युसूफ वडगावच्या बाजारात सिद्धलिंगअप्पांच्या घरचं किराणा दुकान. घर लिंगायताचं, ताटात कधी अंडंसुद्धा आलं नाही. अशा घरातले अप्पा डॉक्टर झाले ते माशांचे, आणि तेही कुठल्या, तर खोल समुद्रातल्या पाकटीचे. आई बसम्मा शेजारणींना सांगायची की पोरगं डॉक्टर आहे. कशाचं, हे कुणी विचारायच्या आत ती चहा ठेवायला उठायची.

अप्पांना मात्र पाकटीचं कौतुक सरत नसे. सुपासारखं चपटं अंग, तोंड पोटाखाली, अंगात एक हाड नाही, नुसती कुर्चा. हजार वाव पाण्याखाली, ऊन कधी पोचत नाही अशा गार काळोखात ती चिखलाला पोट टेकून राहते. वयात यायला तिला वर्षानुवर्षं लागतात. अंडी मोजकीच घालते, एकेक अंडं चामड्यासारख्या चिवट पाकिटात, पाकिटाला चार कोपऱ्यांना चार शिंगं. आतलं पिल्लू बाहेर यायला वर्षही पुरत नाही. असं एक रिकामं पाकीट अप्पा शिकवत त्या कॉलेजात बाटलीत ठेवलेलं होतं, आणि गावचा हापसा कोरडा पडलेला असताना अप्पा ते हातात धरून खोल पाण्यावर तासन्‌तास बोलत.

त्या दुष्काळात तलाव आटायला लागला तसा मच्छीमार सोसायटीपुढे प्रश्न पडला. माशांची पिल्लं पुरवणारं बीज केंद्रही कोरडं, म्हणजे पुढच्या साली सोडायला पिल्लं मिळणार नाहीत. मग तलावातले रोहू आताच धरून विकायचे, की बीजासाठी ठेवायचे? चेअरमन बिभीषण म्हणाला, माशांचा डॉक्टर गावात असताना आपण कशाला डोकं खाजवायचं. अप्पांना सभेला बोलावलं.

अप्पा उठले आणि पाकटीवर बोलले. तिचं उशिरा वयात येणं, तिची मोजकी अंडी, एक आई जाळ्यात गेली की बुडणारी पुढची पिढी. रोहूचं नाव त्यांनी शेवटी घेतलं, तेही ओझरतं. माणसं हेलावली. तलावाच्या मासळीवर जिचं घर चालायचं ती चंद्रभागाबाई सगळ्यांत आधी बोलली.

"साहेब म्हणत्यात ते खरं हाय. आईला काहून मारायचं?"

जाळं टाकायचं नाही, असा ठराव एकमतानं झाला. आता सहकारातले ठराव कोण पाळतं? पण हा पाळला, अगदी काटेकोर. मे महिन्यात तलावाचा चिखल झाला, रोहू तडफडून मेले, घारी-बगळ्यांची दिवाळी झाली आणि वास बाजारापर्यंत आला.

अप्पांनी तेव्हा कुठे पुस्तक उघडलं, पोरांना दरसाल शिकवत होते तेच. रोहू लाखांनी अंडी घालतो, पण वाहत्या, पुराच्या पाण्यात, साचलेल्या तलावात नाही. म्हणजे पाकटीचा स्वभाव आपण रोहूला चिकटवला. त्यांना लाज वाटली, जेवण जाईना. त्यात गावानं त्यांना एका शब्दानंही दोष दिला नाही, हे आणखीच जड गेलं.

दोन-चार दिवसांनी चंद्रभागाबाई त्यांना घरी घेऊन गेली. अंगणात प्लास्टिकचा पिंप, त्यात रोहूची एक थोराड मादी कशीबशी वळत होती. टँकरच्या पाण्यातला निम्मा वाटा तिच्यासाठी जात होता. घरची भांडी राखेनं घासून कोरडीच पालथी घातलेली होती.

"एक आई वाचिवली, साहेब. कवा घालंल अंडी?"

श्रावणात, असं सांगून सुटता आलं असतं. अप्पांच्या ते जिभेवरही आलं होतं.

"नाही घालणार," ते म्हणाले. "माझं चुकलं, चंद्रभागाबाई. सगळे तेव्हाच धरायला पाहिजे होते."

तिनं पिंपाकडं बोट केलं.

"मंग हिला आमचं प्यायचं पानी दिलं, त्याचं काय?"

अप्पा तसेच घरी परतले.

संध्याकाळी ती अप्पांच्या दारात आली आणि झाकलेलं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं. तुमी खात न्हाई हे ठावं हाय, पर टाकू नगा, एवढंच म्हणाली. बसम्मा तोंडाला पदर लावून आत गेली. अप्पा ओट्यावर बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. पाकटीच्या अंगात हाड नसतं. पिंपातल्या या रोहूत बारीक काटे होते, आणि ते कसे काढायचे हे माशांच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं.