काचेच्या पाठीवरच्या तीन रेघा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या पिशोरला विहिरीपाशी कुणाला काय दिसलं याच्या गप्पा रंगल्या की मी तिथून उठून अभ्यासाला बसायचे. त्यात पीएचडी फिजिक्सची. त्यामुळं हे लिहिताना लाजच वाटतेय... पण मनात ठेवूनही राहवत नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. छत्रपती संभाजीनगर, आमच्या विभागाच्या पहिल्या मजल्यावरची लॅब. माझं काम थिन फिल्मचं. काचेच्या छोट्या पट्ट्या तापलेल्या हॉटप्लेटवर मांडायच्या, वरून झिंकचं द्रावण फवारायचं, की झिंक ऑक्साईडचा केसाहून पातळ थर बसतो. द्रावणात जरासं ॲल्युमिनियम मिसळलं (त्याला डोपिंग म्हणतात) तर थर जास्त पारदर्शक होतो. किती टक्के मिसळायचं, सगळा खेळ तिथंच.

रंगनाथकाका आमचे लॅब अटेंडंट, हर्सूलचे. मी काचांवर मार्करनं नंबर टाकायचे, ते बघून काका हसायचे.

"ताई, ताव लागला की मार्कर उडून जातंय. एवढं शिकल्या आन् एवढं कळंना व्हय?" मग खिशातली हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल काढून काचेच्या पाठीवर, कोपऱ्यात, कर्रर्र करत रेघा मारायचे. एक टक्क्याला एक, दोनला दोन. "रेघ कुठं जात नाय."

एक ते पाच टक्क्यांच्या पहिल्या पाच काचा आम्ही दोघांनी काढल्या. त्यात दोन टक्क्यांची लई सुंदर निघाली, जवळजवळ सगळा प्रकाश पार. मोजणी झाली, आकडा प्रबंधात गेला... आणि ती काच माझ्याच हातून पडून चुरा झाली. पुन्हा काढू, त्यात काय, असं वाटलं. पंधरा दिवसांत काका गेले. सकाळी ड्युटीवर निघाले आणि दारातच कोसळले.

त्यानंतर दोन टक्क्यांची एकही काच साफ निघेना. प्रत्येक थर दुधाळ. महिनाभर हेच. शेवटी सरांनी, माझ्या गाईडनी, केबिनमध्ये बोलावलं.

"आकडा बनवला असशील तर आत्ताच सांग. मी तुझ्या प्रबंधावर सही करणार आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं मोजलेलं, पण दाखवायला काच नाही. सरांनी आठ दिवस दिले.

सातव्या दिवशी, दुपारी तीनला, नव्या डब्यातल्या चार काचा प्लेटवर मांडल्या. दोन टक्केच. फवारणी संपली, कॉम्प्रेसर बंद केला, झाकण लावलं. प्लेट चारशे डिग्रीवर, आता तासभर थंड होऊ द्यायची. लॅबमध्ये मी एकटी. पंखासुद्धा बंद होता.

आणि झाकणाच्या आतून आवाज आला – कर्रर्र.

काच तडकली असेल, म्हणून मी उठले. पुन्हा – कर्रर्र. तडकल्याचा आवाज एकदम येतो. हा सावकाश होता, ओळखीचा होता. झाकणाला हात लावायची हिंमत होईना. तिसऱ्यांदा तसाच आवाज आला आणि थांबला.

तासाभरानं झाकण उघडलं. चारही काचा अखंड, चारही दुधाळ. चिमट्यानं एकेक उलटी केली. तिसरीच्या पाठीवर, कोपऱ्यात, तीन रेघा होत्या. नख फिरवलं, नखाला लागल्या.

दोन टक्क्यांच्या काचेवर तीन रेघा. आणि मला त्या पहिल्या पाच काचा आठवल्या. पहिल्या वेळी मार्कर उडाला होता, आणि घाईत मी ट्रेमधल्या क्रमानंच पाकिटांवर टक्के लिहिले होते. काचा उलटून काकांच्या रेघा मोजल्याच नव्हत्या. म्हणजे फुटलेली ती सुंदर काच दोनची नसून तीनची असणार.

दुसऱ्या दिवशी तीन टक्क्यांच्या चार काचा काढल्या. चारही साफ. सरांनी एक खिडकीसमोर धरली आणि माझ्या हातात परत दिली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

रविवारी हर्सूलला काकूंकडे गेले. सहज विचारल्यासारखं करून पेन्सिलचं विचारलं.

"ती व्हय? त्यांच्याबिगर कोण वापरणार माय? नव्या सदऱ्याच्या खिशात मीच ठिवली. त्यांच्यासंगंच गेली."

ती काच माझ्या कपाटात आहे. तिची पाठ तापलेल्या प्लेटला टेकलेली होती. तिथं पेन्सिल काय, कागदसुद्धा सरकला नसता. काच डब्यातच ओरखडलेली असेल, आवाज थंड होणाऱ्या धातूचा असेल, सगळे तर्क करून पाहिले. तीन आवाज आणि तीन रेघा यांचा हिशोब लागत नाही.

प्रबंध जमा करायच्या दिवशी सरांनी विचारलं, "अदलाबदल झाली हे तुला कळलं कसं?"

"काकांनी सांगितलं, सर."

"जायच्या आधी?"

"हो, सर," मी म्हणाले. या सगळ्या प्रकरणात मी खोटं बोलले ते एवढंच, आणि सरांनी ते लगेच मानलं.