संत्र्याच्या चवीच्या गोळ्या

आमच्या थोरल्या साडूंना एकट्याने काही खाता येईल, अशी सोय देवाने केलेलीच नाही. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या दुकानातून गिऱ्हाईक चादर न घेता गेलं तरी चालतं. पण काही न खाता गेलं तर साडूंचा दिवस वाईट जातो. एकदा तावातावाने भांडायला आलेला शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, वर ताक मागून घेऊन गेला. भांडण कशावरून होतं ते दोघांनाही आठवेना. अर्थात समोरच्याला सोबत म्हणून साडूही प्रत्येक वेळी खात. वजन सव्वाशेच्या पुढे गेलं, गुडघ्यांनी हात टेकले आणि शेवटी जठर लहान करायचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता नुसत्या जेवणातलं कॅल्शियम पुरणार नाही. या गोळ्या रोज तीन वेळा, आणि कायमच्या." गोळ्या चघळायच्या, संत्र्याच्या चवीच्या. तिथंच घात झाला. डबी उघडली की साडू आधी समोरच्यापुढे धरायचे. "घ्या की पावणं, लई ग्वाड हाय."

"अहो, औषध आहे ते!"

"मग? तुमाला हाडं न्हाईत व्हय?"

गिऱ्हाईक, रिक्षावाला, टपालवाला, सगळ्यांची हाडं मजबूत झाली. आपण मागनं घेऊ म्हणत साडू मात्र राहून जायचे. घरी अक्का, म्हणजे त्यांची बायको, खूश होत्या. डबी इतक्या भराभर संपते म्हणजे माणूस औषधाला पक्का!

मग एका दुपारी अक्कांचा रडत फोन आला. "यांची बोटं वाकडी झाल्यात, तोंडाला मुंग्या आल्यात. लकवा हाय का काय वो!" मी धावतच दवाखान्यात पोचलो. तासाभराने कळलं, लकवा नव्हे, कॅल्शियम फार घसरलंय. सलाईनमधून दिल्यावर बोटं सरळ झाली, आणि अक्कांनी इतका वेळ धरून ठेवलेला माझा दंड सोडला.

"गोळ्या घेत नव्हता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मान्सं समोर असताना एकट्यानं कसं खायाचं, बाई?" साडू खाली बघत म्हणाले. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. त्या गोळ्यांतल्या डझनभर तरी माझ्या पोटात गेल्या होत्या.

परवा रक्ताचा रिपोर्ट चोख आला. मी दुकानात गेलो तेव्हा गोळीची वेळ झालेली. साडूंनी डबी उघडली, हात सवयीने माझ्याकडे वळला आणि अर्ध्यात थांबला. मग चादरींच्या ढिगाकडे तोंड फिरवून, चोरी केल्यासारखी, त्यांनी गोळी चघळली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते मला न विचारता काही खात होते. मला फार हायसं वाटलं. आणि खरं सांगतो, थोडं परकंही.