लांब रोपं उपटणारी

"हे फेका," म्हणत माझ्या हातातल्या जुडीतून तिनं एक लांब, पिवळट रोप ओढलं आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी धानाची रोवणी. सहा बाया सांगून ठेवलेल्या. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, बसून रोपं उपटत होतो, आणि मला घाम सुटला होता. उन्हाचा नाही.

माझी बायको म्हणजे लांब रोपाची वैरी. तुम्ही पाहिलं असेल, ज्याचे पऱ्हे उंच तो गावात छाती काढून चालतो. हिचं उलटं. मागं एकदा कृषीचा साहेब आला होता. तो म्हणाला, झाडाच्या अंगातच वाढीचा रस असते, त्याच्या बेतानं कांडं वाढते. पण बियातून एक बुरशी येते आणि तोच रस फाजील ओतते. मग रोप नुसतं ताणत जाते आणि मरते. वाचलंच, तर लोंबी फोल.

आम्ही माना डोलावल्या. हिनं विचारलं, "साहेब, मंग थे रोप खुशीत वाढते का दुखण्यानं?"

सगळे हसले. साहेब हसला नाही. "दुखण्यानं, बाई."

तेव्हापासून तिचं एकच. "हे वाढ नोहे, ताप हाय." शेजारचा लंबूटांग नवरदेव पाहूनही म्हणाली, "याचे मुळं पाह्यले का कोणी?"

एका वर्षी मी ऐकलं नाही. लांब रोपं रस्त्याकडच्या बांधीत रोवली, लोकांनी पाहावी म्हणून. महिन्याभरात वाळली. सारा हंगाम ती येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, "या, आमच्या बुढ्याचा बगीचा पाहा."

म्हणून दरवर्षी ती बियाणं मिठाच्या पाण्यात घाले. बिमार बी हलकं, ते वर तरंगते. तेवढं काढून टाकायचं. यंदा तिला दम लागत होता, काम माझ्याकडं आलं. मी कंटाळा केला. तसंच पेरलं, आणि घातलं म्हणून सांगितलं.

आता पऱ्ह्यात जिथं हात घालावा तिथं लांब रोप.

"मिठात घातलं होतं ना वो?"

"घातलं होतं म्हणलं ना!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा उपटू लागली.

"पुरे कर," मी ओरडलो. "सारेच फेकशील त रोवशील काय, गोटे?"

"अर्धे राह्यले," ती कमरेवर हात देऊन उठली. "उद्या पाहू."

घरी येऊन खाटेवर टेकली. मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ती गेली होती.

सकाळी सोयरे जमले. बायांनी तिला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. उचलायच्या आधी मी जवळ बसलो आणि म्हणालो, "बियाणं मिठात नव्हतं घातलं. खोटं बोललो."

जावई म्हणाला, "मामाजी, उठा आता."

मी उठलो नाही. दुसऱ्या बाजूला सरकून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येत होतं.