अंघोळीची वेळ

"तुम्ही अंघोळ कधी करता?" रोज लिफ्टमध्ये नुसती मान लववणाऱ्या सहकाऱ्याने एका बाईला एकदम असं विचारावं? मी बघतच राहिले. मग कळलं, हे गृहस्थ सगळ्यांनाच विचारतात, अगदी कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवरल्या मुलीलासुद्धा.

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या ऑफिसात ते एका नदीकाठच्या गावासाठी सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा आराखडा करतात. मी राहते, त्याच गावासाठी. इथे सगळं गाव रात्री टबात बसतं, त्यामुळे सांडपाण्याचा लोंढाही रात्रीच येतो. टाक्या पुरल्या नाहीत, तर घाण थेट नदीत.

"आम्ही भारतीय सकाळी करतो," मी सांगितलं. "आणि दिवाळीत तर सगळे एकाच दिवशी, उजाडायच्या आत, अंगाला तेल चोळून."

नवं काही ऐकलं की ते दातांतून श्वास आत ओढतात. या वेळी तो श्वास संपेचना. "सगळे? तेलासकट?"

पुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावरच्या ग्राफवर रात्रीच्या डोंगराशेजारी पहाटेचं एक छोटं टेकाड उगवलं होतं. आमचं! साहेब हसले. "चार परदेशी घरं, वर्षातली एक सकाळ. काढून टाका ते."

साहेबांना कधी 'नाही' न म्हणणारे हे गृहस्थ उठले, कमरेत वाकले आणि हळूच म्हणाले, "माफ करा. पण वर्षातली एकच सकाळ आहे, हे नदीला कुणी सांगायचं?"