डिकीचं रबर

काल इथे इंग्लंडमध्ये मेडनहेडला नवऱ्याने गाडीच्या दाराचं रबर चिकटवायला घेतलं आणि त्या ग्लूच्या वासाने मला मळमळायला लागलं.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. बर्मिंगहॅमच्या घरासमोर बाबा त्यांच्या जुन्या अमेरिकन मसल कारच्या डिकीचं रबर बदलत होते. कुजलेलं रबर ओढलं की त्याखालचा काळा, बुळबुळीत चिखल आणि मेलेल्या गोगलगायी त्यांच्या हातावर यायच्या. मी नाक दाबून उभी होते. बाबा मात्र शीळ घालत खरवडत होते.

तेवढ्यात ओळखीचे एक मराठी काका आले. हसत म्हणाले, "घाण उपसायचं काम तुमच्या लोकांना बरं जमतं हो!"

मला ते कौतुकच वाटलं. बाबांनी हात पुसले.

"या चिखलाची मला किळस येत नाही," ते शांतपणे म्हणाले, "तुमची येते. निघा तुम्ही."

काका गेले. बाबांनी खाचेत ग्लू लावून नवं रबर दाबून बसवलं, आणि मला बाबाच उद्धट वाटले.

पुढे युनिव्हर्सिटीत जातिव्यवस्थेबद्दल वाचताना मला काकांचं ते हसू आठवलं. मी लायब्ररीतून उठले आणि टॉयलेटमध्ये जाऊन भडाभडा ओकले.